टोपलीखालचं घरटं

वेळासच्या पुळणीवर जाळीचं एक कुंपण आहे. आत वाळूवर टोपल्या पालथ्या घातलेल्या असतात, डालग्याखाली कोंबडी झाकावी तशा. प्रत्येक टोपलीखाली दीडेक फूट खोल ऑलिव्ह रिडले कासवाची शंभराच्या आसपास अंडी असतात.

कोकणात ही टोपली आली ती एका पक्ष्यामुळे. 2002 साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडाच्या पाहणीसाठी मंडणगड तालुक्यातल्या वेळासला आले होते. किनाऱ्यावर त्यांना अंड्यांची टरफलं दिसली. चौकशी केल्यावर कळलं, की कासवं इथे अंडी घालतात आणि माणसं ती उकरून नेतात. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा होता, पण रात्रीच्या पुळणीवर कायदा राखायला होतं कोण?

त्यावर उपाय म्हणून आलेली कुंपणाची युक्ती मात्र त्याआधीची. 1970च्या दशकात मद्रासच्या किनाऱ्यावर रॉम्युलस व्हिटेकर, सतीश भास्कर आणि त्यांचे साथीदार रात्र रात्र चालत घरटी शोधायचे आणि अंडी राखणीतल्या जागेत हलवायचे. 1988पासून तिथल्या विद्यार्थ्यांनी स्वतःची संघटना उभारून हे काम चालवलं.

अंडी हलवणं दिसतं तितकं सोपं नाही. ती घातल्यावर काही तासांतच हलवावी लागतात. पुढे गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो आणि अंडं फिरलं तर मरतो. नवा खड्डाही मादीने केला होता तसाच हवा: तोंड अरुंद, तळ गोल, खोली तेवढीच. वाळूच्या उबेवर नर-मादी ठरतात, म्हणून जागा निवडतानाही विचार करावा लागतो. घरटं जागच्या जागी सुखरूप राहणार असेल, तर ते न हलवणंच उत्तम. कुंपण लागतं ते कोल्ह्याकुत्र्यांपासून, भरतीपासून आणि माणसापासून.

वेळासला ही कला रुजली ती गावामुळे. पहाटे वाळूवरचा कासवाचा माग ओळखायची नजर तिथे होतीच. त्या नजरेला राखणीचं काम मिळालं आणि ‘कासवमित्र’ हा शब्द किनाऱ्यावर रुळला. 2006मध्ये कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे घरोघरी उतरू लागले, आमटी-भाताच्या पंगती बसू लागल्या आणि घरट्याच्या राखणीतून गावाला चार पैसे मिळू लागले. या साऱ्या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा भाग हाच. पुढे अंजर्ल्यासारख्या गावांनीही हीच वाट धरली.

पंचेचाळीस ते साठ दिवसांनी वाळू किंचित खचते. सकाळ-संध्याकाळ कासवमित्र टोपली उचलून बघतात. पिल्लं वर आलेली असली, तर ती मोजून पुळणीवर नेतात, पण थेट पाण्यात सोडत नाहीत. लाटेपासून काही अंतरावर ठेवतात. दोरीपलीकडे माणसं श्वास रोखून उभी असतात आणि तळहातापेक्षा लहान ती पिल्लं ओल्या वाळूवरून स्वतःच्या पायांनी समुद्राकडे निघतात.