यूटेक्टिक विद्रावकांतील पाणी : एका आकड्याचा इतिहास

कर्जत व खालापूर या तालुक्यांत भातशेतीसाठी युरिया येतो, आणि कुक्कुटपालनाच्या खाद्यात कोलीन क्लोराइड मिसळलेले असते. पावसाळ्यात ही दोन्ही द्रव्ये हवेतील बाष्प ओढून घेतात. युरियाचे उघड्या पोत्यातील दाणे एकमेकांस चिकटतात, आणि कोलीन क्लोराइड तर चिघळून जाते. याच जोडीने 2003 साली रसायनशास्त्रज्ञांचे लक्ष वेधून घेतले. इंग्लंडातील लेस्टर विद्यापीठात ॲबट व त्यांचे सहकारी यांनी पहिल्याचे दोन मोल व दुसऱ्याचा एक मोल एकत्र केले. एकटा युरिया 133° से. तापमानास वितळतो, कोलीन क्लोराइडास तर 302° लागतात. मिश्रणाचा वितळबिंदू मात्र केवळ 12° से. नोंदला गेला.

‘यूटेक्टिक’ ही संज्ञा याहून पुष्कळ जुनी आहे. फ्रेडरिक गथ्री यांनी ती 1884 साली योजिली. तत्पूर्वी ते मीठ व बर्फ यांच्या मिश्रणांचा अभ्यास करीत होते. उणे 21° से. तापमानाच्या सुमारास गोठणाऱ्या अशा मिश्रणास त्यांनी निश्चित संयुग मानून ‘क्रायोहायड्रेट’ म्हटले. ते संयुग नव्हे, मिश्रणच होय, हे पुढे ठरले. तात्पर्य, या विषयाच्या आरंभी पाणी हा एक घटकच होता. (मिश्रधातूंच्या अभ्यासात ही कल्पना रुजल्यावर त्याचा विसर पडला, हे स्वाभाविकच होय.) नव्या विद्रावकांच्या काळात ते परत आले, ते अशुद्धी म्हणून.

या अशुद्धीचा प्रभाव लहान नाही. 25° से. तापमानास या विद्रावकाची श्यानता सुमारे 750 सेंटिपॉइज सांगितली जाते. पाण्याची एकाहूनही कमी असते. साहजिकच थोडे पाणी शिरताच श्यानता झपाट्याने घसरते. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून 2014 साली प्रसिद्ध झालेल्या मापनांत 20° ते 90° से. या कक्षेत पाण्यासह घनता व श्यानता तपासण्यात आल्या. 2016 साली तर शुष्क मिश्रणाचा वितळबिंदूच सुमारे 30° से. आढळला. इतकी वर्षे निबंधांतून उतरविला गेलेला 12° चा आकडा शुष्क द्रव्याचा म्हणता येत नाही. त्यात हवेतील पाण्याचा वाटा होता. 2017 साली न्यूट्रॉन विकिरणाने असे दिसले की, वजनाने सुमारे 42 टक्के पाणी असतानाही विद्रावकाची अंतर्रचना टिकते. 51 टक्क्यांस मात्र तो साधा जलीय द्राव होतो. सौम्यीकरणाची ही मर्यादा अपेक्षेहून बरीच दूर आहे.

साधे मीठ सुमारे 75 टक्के सापेक्ष आर्द्रतेस पाझरू लागते. घाटपायथ्याच्या कर्जत-खालापुरात जुलैमधील हवा दिवसचे दिवस याहून ओली असते. तेथे उघड्या चंचुपात्रात ठेवलेल्या नमुन्याची श्यानता सकाळी एक व सायंकाळी दुसरी भरेल. म्हणून कार्ल फिशर यांच्या 1935 च्या अनुमापन पद्धतीने पाण्याचे प्रमाण मोजून ते श्यानतेशेजारी न दिल्यास दोन प्रयोगशाळांचे आकडे ताडून पाहणे व्यर्थ होय. नमुना तापवून कोरडा करावा, तर फार उष्णतेने युरियाचेच विघटन होऊन अमोनिया बाहेर पडतो.