परतल्या भाताची कुळकथा

भाताला तेलामसाल्याची जोड देण्याच्या दोन रीती मराठी स्वयंपाकघरात रूढ आहेत आणि त्यांतील क्रियांचा क्रम एकमेकींच्या नेमका उलट आहे. पहिल्या रीतीत भात आधी शिजतो आणि मग परतला जातो. रात्रीचा उरलेला भात सकाळी हाताने मोकळा करून, मोहरी-हिंग-हळदीच्या फोडणीत टाकून जो फोडणीचा भात होतो, तो या रीतीचा. दुसऱ्या रीतीत तांदूळ आधी परतला जातो आणि मग शिजतो. कच्चा तांदूळ धुऊन, निथळून तापलेल्या तेलात टाकायचा, त्याचा दाणा न् दाणा तेलाने माखला की वर आधण, म्हणजे उकळते पाणी, ओतायचे आणि झाकण घालून मंद आचेवर तो मुरवायचा, ही मसालेभाताची रीत होय. पहिली रीत उरल्यासुरल्याची सोय लावण्यातून आलेली आहे. दुसरीला मात्र लांबचे कूळ आहे, आणि त्या कुळाची एक शाखा बीड जिल्ह्यातील पाटोद्याच्या चुलीपर्यंत, तर दुसरी अटलांटिक महासागर ओलांडून मेक्सिकोतील घरगुती तांबड्या भातापर्यंत पोचलेली दिसते.

पाटोदा हा बालाघाटाच्या डोंगररांगेवरील तालुका. मांजरा नदी याच तालुक्यात उगम पावते आणि विंचरणा नदीवरील सौताड्याचा धबधबाही याच तालुक्यात आहे. परंतु एवढ्यावरून हा पाण्याचा मुलूख असेल असे कोणी समजू नये, कारण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, म्हणजे पश्चिमेकडील डोंगरांनी पावसाचे ढग अडवल्यामुळे कोरड्या राहिलेल्या पट्ट्यात, तो मोडतो. येथील शिवारात ज्वारी, बाजरी, तूर, कापूस आणि अलीकडच्या काळात सोयाबीन दिसते; भात हे येथले पीक नव्हे. त्यामुळे रोजचे पोट भाकरीवर भरायचे आणि तांदूळ मात्र बाजारातून आणून सणासुदीला, पाहुण्यारावळ्यांसाठी किंवा लग्नाच्या पंगतीसाठी राखायचा, असाच येथला वहिवाटीचा हिशेब होता. १९६५ साली भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले, शिधावाटपाच्या दुकानांचे जाळे खेड्यापाड्यांत पसरले आणि रेशनचा तांदूळ हळूहळू रोजच्या ताटात आला. तरीही घरात भाकरी नसेल तर जेवण झाले असे जुनी माणसे अजून मानत नाहीत.

ही गोष्ट वरवर किरकोळ वाटली तरी कुळकथेच्या दृष्टीने तीच कळीची आहे. कोकणात भात हा जेवणाचा पाया असतो, त्यावर आमटी किंवा कालवण ओतायचे असते, म्हणून तो पांढरा आणि अळणी ठेवणे हेच शहाणपणाचे ठरते. ज्या प्रदेशात पायाचे काम भाकरी करते तेथे भात हा स्वतःच एक पदार्थ होतो, त्याला स्वतःची चव असावी लागते आणि विकतच्या धान्यावर तेलमसाल्याचा हात सढळ सोडण्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. मेक्सिकोतही नेमकी हीच स्थिती आहे, कारण तेथील भाकरी म्हणजे मक्याची टॉर्टिया, आणि तांदूळ हा तेथे सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर आलेला पाहुणा. परतून शिजवलेला भात दोन्हीकडे इतका घट्ट रुजला, याचे कारण चवीपेक्षाही धान्याच्या या सामाजिक स्थानात शोधणे अधिक योग्य ठरेल.

पाटोद्याकडील रीत पाहता तीत मोजमापापेक्षा नजरेला आणि कानाला महत्त्व आहे. तांदूळ रोवळीत, म्हणजे विणीतून पाणी निथळून जाईल अशा बांबूच्या टोपलीत, धुऊन ठेवला जातो; निथळण्याला वेळ न दिल्यास ओला दाणा तेलात तडतडतो आणि मोडतो. भगुल्यात तेल तापते. हे तेल पूर्वी बहुधा करडईचे असे, कारण मराठवाडा हा करडईचा मुलूख आहे. त्यात मोहरी, जिरे, लसूण, कढीपत्ता, कांदा, मग वांग्याच्या फोडी किंवा हंगामातला वाटाणा, शेंगदाणे, हळद आणि घरचा काळा मसाला पडतो, आणि त्यानंतर तांदूळ. येथून पुढे उलथणे थांबत नाही. सुरुवातीला दाणे ओलसरपणे एकमेकांना चिकटून फिरतात, थोड्या वेळाने ते सुटे होतात, त्यांचा काचेसारखा अर्धपारदर्शकपणा जाऊन ते दुधाळ पांढरे दिसू लागतात आणि उलथताना त्यांचा कोरडा खुळखुळाट ऐकू येऊ लागतो. तोच आधण ओतण्याचा क्षण होय. हे आधण चुलीच्या वैलावर, म्हणजे मुख्य तोंडाशेजारच्या मंद धगीच्या दुसऱ्या तोंडावर, आधीपासून तयार ठेवलेले असते, कारण गार पाणी ओतल्यास तेलाची धग मोडते आणि भात बसतो. वाटीला दोन वाट्या पाणी हे ढोबळ प्रमाण. ते आटत आले की विस्तव ओढून घेऊन, झाकणीवर चार निखारे ठेवून भात मुरू दिला जातो.

या परतण्यामागील कारण असे की धुतल्यानंतरही तांदळाच्या पृष्ठभागावर पिठूळ अंश शिल्लक राहतो, आणि तोच पाण्यात फुगून शिते एकमेकांना चिकटवतो. तेलात परतल्यामुळे दाण्यावर स्निग्ध थर बसतो, बाहेरील पिष्टाचा काही भाग उष्णतेने भाजला जाऊन त्याचा चिकटपणा घटतो आणि भाजणीचा जो खमंगपणा पाण्यात शिजलेल्या भाताला कधी येत नाही तो येथे येतो.

मेक्सिकोतील घरगुती रीत यापुढे ठेवली असता साम्य चटकन लक्षात येते. तेथे तांदूळ काही वेळ गरम पाण्यात भिजवतात, पाणी निवळ येईपर्यंत धुतात आणि चाळणीत पूर्ण निथळू देतात. नंतर तो पुष्कळ तेलात, फिकट सोनेरी होईपर्यंत परतला जातो; पाटोद्यात जेथे दुधाळ रंगावर थांबतात तेथे मेक्सिकन गृहिणी आणखी एक पायरी पुढे जाते, आणि जादा तेल वरून निपटून काढते. मग येते टोमॅटो, कांदा आणि लसूण यांचे कच्चे वाटण. ते गरम तांदळावर ओतताच मोठा चर्र आवाज होतो, आणि वाटणातील पाणी आटून तांदूळ ते पूर्ण पिऊन घेईपर्यंत पुढचा जिन्नस घालायचा नाही, हा त्या स्वयंपाकाचा कटाक्ष असतो, कारण कच्च्या टोमॅटोचा उग्र वास जाऊन रंग दाण्यात उतरतो तो याच टप्प्यावर. त्यानंतर कोंबडीचे उकळते पाणी, म्हणजे मांस व हाडे शिजवून काढलेला पातळ रस्सा, गाजराचे तुकडे, मटार, कोथिंबिरीची जुडी आणि न चिरलेली एखादी हिरवी मिरची घालून झाकण बसते. मध्य मेक्सिकोतील घरांत या भातात जिरे सहसा पडत नाही. जिऱ्याची सवय उत्तरेकडची आणि सीमेपलीकडील टेक्ससची. हा भात ‘सोपा सेका’ म्हणजे ‘कोरडे सूप’ या गटात गणला जातो, कारण द्रव पूर्ण मुरवून केलेला हा पदार्थ जुन्या पद्धतीच्या जेवणात पातळ सुपानंतर आणि मुख्य पदार्थापूर्वी स्वतंत्रपणे वाढला जाई. भात हा पाया नसून पदार्थ आहे, याचा याहून उघड पुरावा दुसरा नसेल.

ही क्रिया मूळ कोठली, हा प्रश्न भारतात अभिमानाचा होऊन बसला आहे. पुलाव हा मूळचा भारतीयच, असे सांगताना बृहदारण्यक उपनिषदातील मांसौदनाचा, म्हणजे मांसासह शिजवलेल्या भाताचा, दाखला देण्यात येतो. परंतु तेथे तूप घालून तो भात खाण्याचे सांगितले आहे, तांदूळ आधी तुपात परतण्याचे नाही, आणि या कुळकथेत परतणे हाच तर मुद्दा आहे. पाटोद्याचा परिसर ज्यांच्या राज्यात होता त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात तांदळाच्या अनेक जातींची आणि भात रांधण्याची सविस्तर चर्चा आहे; ती मुख्यतः तांदूळ उकळत्या पाण्यात शिजवण्याच्या अंगाने जाते. याउलट १२२६ साली बगदादमध्ये लिहिल्या गेलेल्या ‘किताब अल्-तबीख’ या पाकग्रंथात चरबी तापवून, तीत मांस परतून, त्यावर पाणी आणि तांदूळ घालून केलेल्या एका भाताची कृती असून, मिऱ्याच्या दाण्यांसारखी शिते सुटी राहावीत ही अपेक्षा त्याच्या नावातच गोवलेली आहे. मोकळ्या शितांचा हा आग्रह आणि त्यासाठी स्निग्ध पदार्थाचा आधी केलेला वापर ही अरब-इराणी स्वयंपाकाची देणगी मानणे म्हणूनच अधिक सयुक्तिक वाटते.

तेथून या रीतीला दोन वाटा फुटल्या. पश्चिमेची वाट अरबांबरोबर स्पेनमध्ये गेली; व्हॅलेन्सियाच्या पाणथळ भागात त्यांनी भातशेती रुजवली, आणि १४९२ मध्ये ग्रानाडा पडून मुस्लिम सत्ता संपली तरी तांदूळ आणि तो तेलात घोळवून शिजवण्याची सवय मागे राहिली. १५२१ मध्ये आस्तेकांची राजधानी तेनोच्तित्लान स्पॅनिशांच्या हाती पडल्यानंतर हीच सवय मेक्सिकोत पोचली. पुढे १५६५ पासून १८१५ पर्यंत मनिला आणि आकापुल्को या बंदरांदरम्यान स्पॅनिश गलबतांची नियमित ये-जा राहिली, त्यामुळे आशियाई माणसे आणि जिन्नस थेट पॅसिफिकवरूनही तेथे येत राहिले. आज मेक्सिकोच्या मोरेलोस राज्यातील तांदळाला त्या देशाचे उगमस्थानदर्शक मानांकनही आहे.

पूर्वेची वाट इराणमार्गे दिल्ली आणि दख्खनकडे वळली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फज्लने लिहिलेल्या ‘आईन-इ-अकबरी’त पुलावाच्या कृती वजनमापांसह दिल्या आहेत, तीतच खिचडीसाठी तांदूळ, डाळ आणि तूप ही प्रत्येकी पाच शेर सांगितली आहेत, यावरून त्या काळच्या शाही मुदपाकखान्याचा हात किती सढळ होता हे कळते. बीडचा मुलूख बहमनी, अहमदनगरची निजामशाही, मोगल आणि पुढे थेट १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबादचा निजाम, अशा सत्तांखाली सलग राहिला. तेव्हा पुलावाची रीत येथे वेगळी शिकवायला कोणी येण्याची गरज नव्हती. शाकाहारी घरांनी मांस आणि त्याचे पाणी वगळले, त्या जागी वांगी आणि साधे आधण आणले, तुपाच्या जागी तेल आणि केशराच्या जागी हळद घातली. परतण्याची क्रिया मात्र जशीच्या तशी उचलली. मसालेभात हा मांस गाळलेला पुलाव आहे, हे विधान काहींना रुचणार नाही, पण कृती तेच सांगते.

घटकांचा प्रवास मात्र दोन्ही दिशांनी झाला. तांदूळ आशियातून मेक्सिकोला गेला, तर मिरची आणि टोमॅटो तिकडून इकडे आले. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साआगुन या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने आस्तेक लोकांविषयी जी प्रचंड माहिती नोंदवून ठेवली, तीत बाजारात मिरची-टोमॅटोची कालवणे विकणाऱ्यांचे वर्णन आहे. म्हणजे मेक्सिकन तांबड्या भाताची चव तांदूळ तेथे पोचण्यापूर्वीपासून तयारच होती. भारतात मिरची पोर्तुगीजांमुळे आली आणि तिखटपणासाठी तोवर वापरात असलेल्या मिरी-पिंपळीला तिने बघता बघता मागे सारले, तरी ‘आईन’मधील कृतींत ती अद्याप दिसत नाही. टोमॅटो तर त्याहून कितीतरी उशिरा, इंग्रजी अमदानीत रुळला. बंगालीत त्याला विलायती वांगे म्हणत, यातच त्याचे परकेपण दिसते. पाटोद्याकडे आजही मसालेभातात टमाटे घालणे ऐच्छिक आहे, मिरची मात्र ऐच्छिक राहिलेली नाही. ज्या शेंगदाण्याशिवाय येथील भात ओका वाटतो तो दक्षिण अमेरिकेचा, आणि बालाघाटाच्या माळावर आपोआप वाढणारे, भौगोलिक मानांकन मिळालेले बीडचे सीताफळदेखील मूळचे अमेरिका खंडातलेच, ही गोष्ट या ओघात ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

शहरांतील उपाहारगृहांत ‘मेक्सिकन राईस’ या नावाने जे वाढले जाते त्याचा या कुळाशी फारसा संबंध नाही. तेथे आधी शिजवून गार केलेला बासमती, ढोबळी मिरची, मक्याचे दाणे आणि राजमा मोठ्या आचेवर बाटलीतल्या सॉसमध्ये परततात. क्रियेने पाहता तो फोडणीच्या भाताचाच सोयरा ठरतो, आणि घरच्या फोडणीच्या भाताइतका चांगला तो क्वचितच होतो. ज्या घरात मसालेभात नीट जमतो तेथे मेक्सिकन भातासाठी वेगळे भांडे किंवा नवी युक्ती लागत नाही: काळा मसाला आणि हळद वगळावी, तांदूळ नेहमीपेक्षा थोडा अधिक, सोनेरी रंगावर येईपर्यंत परतावा, एका वाटीला दोन मध्यम टमाटे, थोडा कांदा व लसूण कच्चेच वाटून ओतावे आणि ते आटल्यावरच आधण घालावे. वाटणातही पाणी असते, हे धरून आधण दोन वाट्यांपेक्षा थोडे कमीच घ्यावे, नाहीतर भात गिच्च होतो.