दोराचा पीळ

घोड्यावर बसून गुराच्या शिंगांत फास टाकायला शिकणारा माणूस सुरुवातीला घोड्यावर बसतच नाही. तो जमिनीवर उभा राहतो आणि एखाद्या खुंटावर, नाहीतर गवताच्या गठ्ठ्याला खोचलेल्या प्लास्टिकच्या मुंडक्यावर दोर टाकत राहतो. मेक्सिकोतल्या मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या कोंबड्यांवर आणि कुत्र्यांवर हात बसवला. उजव्या हातात फास, डाव्या हातात उरलेल्या दोराची वेटोळी आणि त्याच हातात लगाम. डोक्यावर फिरणारा फास मिटू द्यायचा नाही आणि दंडाच्या जोराने फेकायचे नाही, काम मनगटाचे. हे अंगवळणी पडले की मग घोडा. बहुधा नवशिक्याला जुना, मुरलेला घोडा देतात. गुरामागे किती अंतर ठेवून धावायचे, फास पडला की कसे थांबायचे, दोर कसा ताणून धरायचा, हे त्याला स्वाराहून अधिक कळते.

पण फास पडला म्हणजे संपले नाही. शिंगांत अडकलेले तीन-चारशे किलोंचे जनावर एका टोकाला आहे, तर दुसऱ्या टोकाचे काय करायचे? इथे दोन घराणी आहेत. टेक्सासच्या रीतीत दोराचे टोक खोगिराच्या पुढच्या खुंटाला आधीच पक्के बांधलेले असते. झाडोऱ्याच्या मुलखात दोर आखूड, साधारण तीस-चाळीस फुटी, आणि निर्णय एकदाच घ्यायचा. कॅलिफोर्नियाच्या रीतीत टोक मोकळे. कच्च्या कातड्याच्या वाद्या विणून केलेला दोर साठ फूट किंवा त्याहूनही लांब. तो अचानक हिसक्याने तुटतो, म्हणून फास पडल्यावर खुंटाभोवती झटकन वेढे घ्यायचे आणि दोर थोडा घसरू द्यायचा. वेढा घेताना अंगठा वर हवा. तो दोराखाली आला तर तुटतो. या रीतीने शिकलेल्या कित्येकांनी आपले अंगठे असेच गमावले आहेत.

मी दोर टाकत नाही, भाषांतर करते. नॅट लव्ह या काळ्या काउबॉयने १९०७ साली छापलेल्या आत्मचरित्रातली काही प्रकरणे मराठीत आणताना मला या दोरात शिरावे लागले, आणि शिरल्यावर लक्षात आले की इथे वस्तूंपेक्षा शब्दच अधिक बोलतात. या वेढ्याला इंग्रजीत ‘डॅली’ म्हणतात. त्याचे मूळ स्पॅनिश ‘दार ला वुएल्ता’, म्हणजे वळसा देणे. ऐकणाऱ्याने ते ‘डॅली वेल्टर’ असे ऐकले, मग त्याचेही अर्धे गळाले. ‘लॅरिअट’ म्हणजे ‘ला रिआता’. दोराला चिकटलेले स्पॅनिश उपपदही नवशिक्याने नाव समजून उचलले. ‘लासो’, ‘रोडिओ’, ‘मस्टँग’ सगळे तिथलेच. ‘बकारू’ म्हणजे वाकेरो, गुरे राखणारा. स्पॅनिशमध्ये ‘व’ आणि ‘ब’ यांचा उच्चार एकच, म्हणून इंग्रजी कानाला सुरुवातीचा ‘ब’ ऐकू आला. घोड्याच्या केसांच्या दोराला ‘मेकाते’ म्हणत. त्याचा इंग्रजीत झाला ‘मॅककार्टी’, चक्क एक आयरिश आडनाव. आणि तो मेकातेही स्पॅनिश नव्हेच, अ‍ॅझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेतला ‘मेकात्ल’. ‘हॅकमोर’ या कडीविना लगामाचे मूळ स्पॅनिश ‘हाकिमा’, आणि त्याचेही मूळ अरबी.

हे केवळ शब्दकौतुक नाही. भाषेत नवशिका ओळखू येतो, कारण तो गुरूचे शब्द चुकीच्या उच्चारात पाठ करतो. सिनेमाने आपल्याला असा काउबॉय दाखवला, जो गोरा आहे, एकटा आहे आणि जणू दोर हातात घेऊनच जन्मला आहे. त्याच्या तोंडचे शब्द मात्र सांगतात की त्याला कुणीतरी शिकवले.

कुणी? कोर्तेसबरोबर १५१९ साली मेक्सिकोच्या किनाऱ्यावर घोडे उतरले आणि दोनेक वर्षांत गुरेही आली. मोकळ्या माळावर गुरे अशी वाढली की माणसे कमी पडू लागली. आरंभी वाकेरो लांब काठीच्या टोकाला फास अडकवून तो शिंगांवर उतरवत आणि दोराचे दुसरे टोक घोड्याच्या शेपटीला नाहीतर तंगाला बांधत. फेकण्याची कला आणि दोर गुंडाळायला खोगिरावरचा खुंट या पुढच्या पायऱ्या. हे सगळे घडवणारी माणसे बव्हंशी मूळ रहिवासी, आफ्रिकेतून आणलेले गुलाम आणि मिश्र वंशाची होती. ज्या स्पॅनिश सत्तेसाठी ते राबत, तिनेच मूळ रहिवाशांना घोड्यावर बसायची मनाई केली होती. घोडा म्हणजे युद्ध, घोडा म्हणजे प्रतिष्ठा. वरातीत घोड्यावर बसलेल्या दलित नवरदेवाला खाली उतरवल्याच्या बातम्या ज्या देशात आजही वाचायला मिळतात, तिथल्या वाचकाला ही मनाई समजावून सांगावी लागणार नाही. पण गुरे कायदा वाचत नाहीत. १७६९ नंतर कॅलिफोर्नियात मिशने उभी राहिली, गुरांची संख्या हजारांत गेली, आणि पाद्र्यांना तिथल्या मूळ रहिवासी पोरांना खोगिरावर बसवून दोर शिकवावाच लागला. पुढे त्यांच्यातूनच प्रांतातले नामांकित वाकेरो तयार झाले.

हीच शिकवणी समुद्रापलीकडे गेली. व्हँकुव्हरने १७९३ मध्ये हवाईच्या राजाला गुरे भेट दिली. राजाने त्यांना मारायला बंदी केली आणि काही दशकांत डोंगर रानटी गुरांनी भरले. १८३० च्या दशकात तिसऱ्या कामेहामेहाच्या कारकिर्दीत ती आवरायला कॅलिफोर्नियाहून वाकेरो आले. हवाईच्या माणसांनी त्यांच्या ‘एस्पान्योल’चे केले ‘पानिओलो’, आणि तेच नाव स्वतःला घेतले. टेक्सासहून उत्तरेकडे गुरांचे प्रसिद्ध तांडे निघाले ते १८६० च्या दशकात, म्हणजे बरेच नंतर. १९०८ साली वायोमिंगमधल्या शायेनच्या स्पर्धेत इकुआ पर्डी नावाचा हवाईचा पानिओलो उसन्या घोड्यावर बसला, छप्पन्न सेकंदांत बैल पाडून बांधला आणि विजेता ठरला. घरच्या प्रेक्षकांना तो परका वाटला असेल. गुरू मात्र दोघांचा एकच होता.

आणि नॅट लव्ह. जन्म १८५४, टेनेसीत, गुलामगिरीत. १८६९ मध्ये पश्चिमेला निघाला, तेव्हा घोडी वठणीवर आणायचा थोडा अनुभव एवढेच भांडवल. काम मागायला गेला तर एका टेक्सासी टोळीने आधी परीक्षा म्हणून सर्वांत द्वाड घोडा पुढे केला. तो टिकला, नोकरी मिळाली. पुढे आपण स्पॅनिश बोलायला शिकलो, हे तो अभिमानाने सांगतो. १८७६ च्या चार जुलैला डेडवूडमध्ये रानटी घोडा दोराने धरून, पाडून, बांधून, खोगीर घालून नऊ मिनिटांत त्यावर आपण स्वार झालो, असेही तो सांगतो. इतिहासकार त्याच्या सगळ्याच फुशारक्या मान्य करत नाहीत. पण काउबॉयांत साधारण चौघांतला एक काळा होता, असा अंदाज त्यांच्यापैकीच काहींनी मांडला आहे, आणि सिनेमात तो चौथा कित्येक वर्षे दिसला नाही.

आता हे मराठीत आणायचे कसे? काउबॉयला ‘गुराखी’ म्हटले तर डोळ्यांपुढे हातात काठी घेऊन पायी चालणारा, प्रत्येक गाय नावाने ओळखणारा पोरगा येतो. त्याला फास लागत नाही, हाक पुरते. ‘स्वार’ म्हटले तर लढाई येते. त्यातल्या त्यात जवळचा शब्द बारगीर: शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. काउबॉयचेही तसेच होते, घोडे मालकाचे आणि खोगीर तेवढे आपले. जनावराच्या पाठीवरून फास टाकणारा माणूस शोधत गेले तर तो आसामात भेटतो. पाळीव हत्तीवर बसून रानहत्तीच्या गळ्यात फास टाकणाऱ्याला तिथे ‘फांदी’ म्हणतात. मराठीत फांदी झाडाला असते, त्यामुळे तोही शब्द हातचा गेला.

गाठींच्या बाबतीत मात्र आपण श्रीमंत आहोत. ओढली की सुटते ती सुरगाठ, सुटत नाही ती निरगाठ. टेक्सासची रीत निरगाठ, हे पटकन जमले. कॅलिफोर्नियाचा वेढा गाठच नाही, हाताने धरून ठेवलेला करार आहे. तिथे मी अडले.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, ही म्हण आपण ताठ माणसाला टोचायला वापरतो. शब्दांकडे पाहिले की ती मला वेगळी ऐकू येते. माणसे विसरली जातात, शब्दातला पीळ राहतो. आपलीही अवस्था निराळी नाही. लगाम, जीन, रिकीब, नाल: मराठी घोडेस्वाराचा अर्धा संसार फारसी-अरबी आहे. आपल्याला घोड्यावर कुणाच्या संगतीत बसता आले, याची नोंद त्यात आहे. ती पुसून शुद्ध मराठी प्रतिशब्द बसवायचे प्रयत्न झाले तरी लगाम अजून आपल्या हातातच आहे.

म्हणून माझ्या मसुद्यात वाकेरो वाकेरोच राहिला आहे, रिआताही. ‘डॅली’साठी ‘वेढा’ लिहिले आहे, आणि तो पहिल्यांदा येतो तिथे त्याच वाक्यात ‘दार ला वुएल्ता’ही ठेवले आहे. वाचणाऱ्याची जीभ तिथे क्षणभर अडखळेल. अडखळू दे. हे शब्द पहिल्यांदा तोंडात घेताना तो टेक्सासी नवशिकाही असाच अडखळला होता.