क्षमेचं दार

मंडळी, गेले दोन-तीन वीकेंड डोक्यात एक दार घोळतंय.

झालं असं, की ऑफिसातला माझा एक वसईकर कॅथलिक मित्र, आई गेल्यावर तिच्या नावाने स्पेनमधल्या सांतियागो दे कोम्पोस्तेलाच्या पायी यात्रेला गेला. फ्रान्सच्या हद्दीतून निघून जवळजवळ सहाशे किलोमीटर चालला, आणि व्हियाफ्रांका देल बिएर्सो या गावात गुडघ्याने दगा दिला. आला परत. "आईचं काम अर्धंच राहिलं रे," एवढंच म्हणाला. मला काय बोलावं सुचेना. मग नेहमीचा उद्योग केला, इतिहास वाचत बसलो.

येशूच्या बारा शिष्यांपैकी संत याकोबाची कबर स्पेनच्या वायव्य टोकाला सापडली, असं नवव्या शतकात जाहीर झालं. बाराव्या शतकापर्यंत रोम आणि जेरुसलेमच्या बरोबरीने लोक तिथे जाऊ लागले. वाटेवर पूल, मठ, धर्मशाळा उभ्या राहिल्या. पण एवढं चालायचं कशासाठी?

कॅथलिक शिकवण अशी, की पापनिवेदन केल्यावर पाप माफ होतं, पण त्याचं प्रायश्चित्त उरतं. ते इथे झालं नाही, तर मेल्यावर शुद्धिस्थानात फेडावं लागतं. मनापासून केलेल्या यात्रेने ते माफ होतं, ही श्रद्धा. शिवाय 'यात्रेकरू' या अर्थाने वापरला जाणारा लॅटिन शब्द 'पेरेग्रिनुस', त्याचा मूळ अर्थ 'परका'. माणूस पृथ्वीवर परकाच, खरं घर स्वर्गात, आणि आयुष्य म्हणजे घराकडची वाट. ही कल्पना जुनी झाली म्हणून सोडून दिलेली नाही बरं का! दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४ च्या दस्तऐवजात अख्ख्या चर्चलाच 'यात्रेकरू' म्हटलंय.

आता आमच्यासारख्या प्रोग्रॅमरला लगेच प्रश्न पडतो: जो मधेच अडकला त्याचं काय? मध्ययुगात आजारी पडणारे, वाटेतच मरणारे काही कमी नव्हते. मग त्यांचा हिशोब शून्य?

याचं उत्तर नेमकं व्हियाफ्रांकातच सापडलं. गावात बाराव्या शतकातलं संत याकोबाचं छोटं चर्च आहे. त्याच्या उत्तरेकडच्या दाराला 'पुएर्ता देल पेर्दोन', म्हणजे क्षमेचं दार म्हणतात. आजारपणामुळे पुढे जाऊच न शकणारा यात्रेकरू या दारापर्यंत पोचला, की सांतियागोला पोचल्याचं सगळं पुण्य त्याला इथेच मिळायचं. अजून पावणेदोनशेच्या वर किलोमीटर बाकी, आणि समोर ओ सेब्रेइरोचा उभा चढ! तरी यात्रा पूर्ण.

गंमत बघा. आज सांतियागोचं प्रमाणपत्र हवं असेल तर किमान १०० किलोमीटर चालत तिथवर पोचावंच लागतं. माझ्या मित्राच्या सहाशे किलोमीटरना तिथे किंमत नाही. नियमाशिवाय कारभार चालत नाही, ते मलाही कळतं. पण मध्ययुगातल्या लोकांना, ज्यांना आपण उठसूट कर्मठ म्हणतो, एक गोष्ट पक्की कळली होती. स्वर्गाची वाट किलोमीटरमध्ये मोजायची नसते. माणूस कुठे पडला यापेक्षा तोंड कुठे करून पडला, ते महत्त्वाचं.

सोमवारी जेवताना मित्राला हे सगळं उत्साहात सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "माहितीये. त्याच पायरीवर बसून आईसाठी अख्खी जपमाळ म्हटली. पण दार बंद होतं."

तेही खरंच. २५ जुलैला, संत याकोबाच्या सणाला, रविवार आला की ते पवित्र वर्ष. दार तेव्हाच उघडतं. २०२१ नंतर थेट २०२७.

"अरे, दार बंद असलं तरी तू पोचलास ना तिथवर?" मी म्हटलं.

तो बराच वेळ गप्प होता. मग डबा बंद करत म्हणाला, "आईसुद्धा हेच म्हणाली असती."

असो. गुडघ्याचे व्यायाम मात्र चालू आहेत.