भट्टीचा विस्तव

इतिहास म्हटला कीं राजे, लढाया आणि तहनामे डोळ्यांपुढें उभे राहतात. चुलींतला विस्तव कोणी इतिहासांत जमा धरीत नाहीं. वर्धा जिल्ह्यांतील आष्टी हें गांव जाणत्यांस दोन गोष्टींमुळें ठाऊक आहे. मोगल सरदार महंमदखान नियाझी याची कबर तेथें आहे, आणि १६ ऑगस्ट १९४२ रोजीं तेथें स्वातंत्र्यासाठीं रक्त सांडलें. परंतु कबरीहून जुना असा विदर्भाचा एक इतिहास मोहाच्या झाडाखालीं लिहिला गेला आहे. त्याकडे वाचकांचें लक्ष वेधावें, एवढाच या लेखाचा हेतु.

घरगुती मद्य ही चोरट्या काळाची उपज नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील सुराध्यक्षाच्या प्रकरणांत कुटुंबवत्सल माणसांस कार्यप्रसंगीं श्वेतसुरा व औषधासाठीं अरिष्ट करण्याची मोकळीक आहे. वैद्यकानें तर उष्णतेवरूनच नांवें पाडलीं. न उकळतां सिद्ध होतो तो आसव. काढा करून सिद्ध होतो तो अरिष्ट. काढ्याला आंच हवी, पण आंबवणाऱ्या किण्वाला तीच मारक. म्हणून काढा निववावयाचा, गूळ व धायटीचीं फुलें घालावयाचीं आणि घट धान्याच्या राशींत पुरावयाचा, असा परिपाठ पडला. दिवसाचें ऊन आणि रात्रीचा गारठा राशीच्या पोटांत पोंचत नाहीं. ऊब सारखी राहते.

मोहाच्या अर्काची गोष्ट निराळी. चैत्राच्या सुमारास गळलेलीं फुलें वाळवून, पुढें पाण्यांत आंबवून, मडक्यांत तापवितात आणि वाफ नळीवाटे थंड भांड्यांत उतरवितात. मद्यार्क सुमारें ७८ अंशांवर उकळतो, पाणी १०० अंशांवर. या बावीस अंशांच्या अंतरांत करणाऱ्याची सारी विद्या सांठवलेली असते. आंच भडकली तर पाण्याची वाफ अधिक चढते आणि तळ करपून अर्काला जळका वास लागतो. मंदावली तर धार तुटते. आरंभीं मद्यार्काचा अंश अधिक उतरतो. ‘पहिल्या धारेची’ हा आपला वाक्प्रचार तेथलाच.

मग सरपण कोणतें घ्यावें? पऱ्हाटी आणि तुराट्या भपकन पेटतात व तितक्याच लवकर विझतात. गोवरी संथ जळते, पण आंच चटकन वाढवितां येत नाहीं. जाड ओंडका मात्र पुढें सारला कीं आंच वाढते, मागें ओढला कीं उतरते. गरिबाचें तेंच नियंत्रण. स्वीडनमध्यें १८९२ सालीं निघालेला प्रायमस स्टोव्ह घरोघर आला, तेव्हां रॉकेलची एकसारखी आंच मिळूं लागली. इंग्लंडांत १९६३ सालीं घरगुती बीअरवरील परवान्याची अट उठली, आणि तेथील गृहस्थ आज गॅस बरा कीं वीज बरी, याचा खल उघडपणें करूं शकतात.

आपल्याकडे हा प्रश्न असा मोकळा राहिला नाहीं. इंग्रज सरकारला महसुलासाठीं मोजतां येईल असा विस्तव हवा होता. म्हणून गांवोगांवच्या भट्ट्या मोडून मोठ्या सरकारमान्य भट्ट्यांकडे धोरण वळलें, आणि मध्यप्रांताचा आबकारी कायदा १९१५ सालीं झाला. १९३८ सालीं काँग्रेस मंत्रिमंडळानें दारूबंदीचा कायदा केला. गांधीजींच्या वास्तव्यानें पावन झालेल्या वर्धा जिल्ह्यांत पुढें १९७४ पासून दारूबंदी आली.

कायद्यानें विस्तव विझला नाहीं. त्याची जात मात्र बदलली. धूर म्हणजे साक्षीदार. जो ओंडका सावकाश पुढें-मागें सारावयाचा, तो भीतीनें एकदम आंत ढकलला जाऊं लागला. घाईची आंच, करपलेला तळ आणि जोर यावा म्हणून नवसागर, अशी ती विद्या नासली. ‘हातभट्टी’ या शब्दांत एके काळीं हाताचें कसब असेल. आज त्यांत केवळ धास्ती उरली आहे.

यावरून मीं मद्याची तरफदारी करतों असें कोणीं समजूं नये. ज्या घरांतला कर्ता पुरुष भट्टीकडे वळतो, त्या घरची चूल संध्याकाळीं थंड असते, आणि दारूबंदीसाठीं झटणाऱ्या बायकांनीं तें ओळखलें होतें. विदर्भाचा इतिहास लिहितांना भट्टीच्या कसबाची नोंद घ्यावी, हें माझें म्हणणें. परंतु शेजारच्या विझलेल्या चुलीची नोंद त्याच पानावर झाली पाहिजे.