जामीन कोण राहणार? मुंबईचे मुस्लिम व्यापारी, जमात आणि विश्वासाचा इतिहास

आजचा विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल, की जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस पेढी आणि हुंडीच्या भानगडीत कशाला पडतो? त्याचं कारण एका सहीत आहे. ती सही आम्ही केली नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरी जिल्ह्यातून आलेला एक कोकणी मुसलमान मुलगा आमच्या तर्कशास्त्राच्या वर्गात होता. पदवीनंतर तो मशीद बंदरला एका दुकानात हिशेब लिहायला लागला. चार वर्षांनी त्याने स्वतःचं छोटं दुकान काढायचं ठरवलं. कर्जाला दोन जामीनदार हवे होते. अर्ज घेऊन तो घरी आला, चहा घेतला आणि म्हणाला, "सर, एक सही तुमची मिळाली तर बरं होईल." आम्ही म्हणालो, "बघतो रे, विचार करून सांगतो." त्या काळात आम्ही वर्गात कांट शिकवत होतो, वचन म्हणजे काय, ते पाळायचं का, वगैरे. विचार करून सांगायची वेळ आलीच नाही, कारण तो परत आला नाही. पुढे त्याचं काय झालं ते शेवटी सांगतो.

आज व्यवसायातल्या ओळखीपाळखीला 'नेटवर्किंग' म्हणतात. मुंबईत, दुबईत, लंडनमध्ये वित्तक्षेत्रात काम करणारे मुस्लिम तरुण एकमेकांना नोकरीची खबर देतात, नवख्याला हाताशी धरतात, रमजानमध्ये इफ्तारला भेटतात. शब्द नवा आहे, पण प्रश्न जुनाच आहे. अनोळखी माणसाच्या हातात पैसा द्यायचा, तर त्याच्याबद्दल ग्वाही कोण देणार? मुंबईच्या मुस्लिम व्यापाऱ्यांनी या प्रश्नाची तीन उत्तरं काढली. ती आज आपण पाहू.

पहिलं उत्तर जमातीचं. भेंडीबाजार, पायधुणी, डोंगरी, मेमनवाडा या भागांत कच्छ, काठियावाड, गुजरातेतून आलेले खोजा, बोहरा आणि मेमन व्यापारी स्थिरावले. 'बोहरा' हा शब्द व्यापार करणे या अर्थाच्या गुजराती क्रियापदावरून आला, असं मानतात. कोकणी मुसलमान त्यांच्याही आधीपासून इथे होते, त्यांच्यात जहाजवाले, नाखवे होते. प्रत्येकाची जमात वेगळी. जमातखाना हे नुसतं धार्मिक ठिकाण नव्हतं. लग्न, मयत, भांडणतंटा, विधवेची सोय, नव्याने आलेल्या पोराला कुणाच्या तरी दुकानात चिकटवून देणं, हे सगळं तिथून चाले. बोहऱ्यांमध्ये बिनव्याजी कर्जाची, 'कर्ज-ए-हसना'ची पद्धत आजही चालू आहे. व्याज निषिद्ध, पण भांडवल तर हवंच, तेव्हा समाजाच्या निधीतून घ्या आणि फेडा.

आता हुंडीकडे बघा. दर्शनी हुंडी म्हणजे दाखवल्याबरोबर पैसे द्यायची, मुदती म्हणजे ठरलेल्या मुदतीनंतर. तिसरा प्रकार शाहजोग हुंडीचा. तिचे पैसे वाटेल त्याला मिळत नसत. 'शाह', म्हणजे बाजारात पत असलेला गृहस्थ, समोर आला तरच मिळत. आपण मराठीत 'शहाजोग' हा शब्द टोमणा म्हणून वापरतो, 'काय शहाजोगपणा करतोय बघा' असं म्हणतो. मूळ शब्द मात्र पेढीवरचा, अगदी आदराचा. ज्याच्या हातात हुंडी बिनधोक द्यावी, तो शाहजोग. हा व्यवहार हिंदू, जैन, पारशी, मुसलमान सगळे करत. म्हणजे कागदाला किंमत होती ती कागदामागे उभ्या असलेल्या माणसाची, आणि त्या माणसाची किंमत ठरवायची ती त्याला ओळखणाऱ्यांनी.

दुसरं उत्तर भागीदारीचं. जमातीच्या आत पत मिळते हे खरं, पण चीनच्या व्यापाराला एक जमात पुरत नाही. १८१८ साली जमशेटजी जीजीभॉय यांनी पेढी काढली. ते पारशी. त्यांच्याबरोबर मोतीचंद अमीचंद होते, ते जैन, आणि महंमद अली रोगे होते, ते कोकणी मुसलमान. पुढे रोजेरिओ द फारिया आले, ते गोव्याचे ख्रिस्ती. चार धर्म आणि एक पेढी. या पेढीच्या व्यापारात अफूही होती, हे लपवायचं कारण नाही. विश्वास ही चांगली गोष्ट असली, तरी विश्वासाने केलेलं प्रत्येक काम चांगलंच असतं असं नाही. पण आपल्या मुद्द्यापुरतं एवढं ध्यानात घ्या, की इथे रोगे यांच्या बाजूने उभं राहायला त्यांची जमात पुरेशी नव्हती. जमातीबाहेरच्या माणसांनी त्यांची पत मान्य केली आणि त्यांनी इतरांची.

तिसरं उत्तर संस्थेचं. १८७४ मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन झाली. बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांचे बंधू कमरुद्दीन हे तिच्या संस्थापकांत होते. कमरुद्दीन सॉलिसिटर, बद्रुद्दीन बॅरिस्टर. बद्रुद्दीन पुढे १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि नंतर मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. ते सुलेमानी बोहरा होते, पण अंजुमन कुठल्या एका जमातीची नव्हती, हे महत्त्वाचं. बोहरा, कोकणी, मेमन, सगळ्यांच्या मुलांसाठी तिने १८८० मध्ये शाळा काढली. जमात विचारते, तू कोणाचा? शाळा विचारते, तुला काय येतं? दुकानातल्या ओळखीऐवजी प्रमाणपत्र पुढे करता येणं, हीसुद्धा एक प्रकारची जामिनकीच आहे. कारकुनी, वकिली, पुढे हिशेबतपासनीस, बँकेची नोकरी, या वाटा तिथून उघडल्या.

याच वाटेवर १९३९ मध्ये बॉम्बे मर्कंटाइल सहकारी बँक निघाली. पुढे महंमद अली रोडची ओळख बनलेली ही बँक. १९०४ च्या कायद्यानंतर सहकारी पतसंस्थांची चळवळ आपल्याकडे रुजली होतीच. ही बँक इतर बँकांसारखी व्याज देते आणि घेतेही. ज्याच्याजवळ तारण ठेवायला काही नाही, त्याला दोन सभासदांच्या जामिनावर कर्ज, ही सहकारातली साधी युक्ती आहे. जमातीचा गुण, म्हणजे शेजारी शेजाऱ्याला ओळखतो हा, तिने घेतला आणि तो कायद्याच्या चौकटीत बसवला. भाग घ्या, सभासद व्हा, वार्षिक सभेत हिशेब विचारा.

इथपर्यंत गोष्ट सरळ चालली आहे. आता तिची दुसरी बाजू.

१८४७ मध्ये खोजा आणि मेमनांचा एक खटला सर अर्स्किन पेरी यांच्यापुढे आला. मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा आहे का? कुराणाप्रमाणे आहे. पण जमातीची वहिवाट सांगत होती की नाही. न्यायालयाने वहिवाट मान्य केली. म्हणजे ज्या समाजात पत, भांडवल आणि ओळख यांचं जाळं इतकं पक्कं होतं, तिथे लेकीला त्यातला धागा मिळाला नाही. कच्छी मेमनांना वारसाहक्कात मुस्लिम कायदा पूर्णपणे लागू व्हायला १९३८ चा कायदा यावा लागला.

१८६६ चा आगा खान खटला तर प्रसिद्धच आहे. खोजा जमातीच्या मिळकतीवर ताबा कुणाचा, आणि खोजे मुळात कुठल्या पंथाचे? एक गट म्हणत होता आम्ही सुन्नी. न्यायमूर्ती जोसेफ अर्नोल्ड यांनी निकाल आगा खानांच्या बाजूने दिला. निकालाच्या बरोबर-चूकमध्ये आज जायचं नाही. आम्हाला त्यातून एवढंच घ्यायचंय, की जमातीची मिळकत आणि जमातीचं सभासदत्व एकाच गाठीत बांधलेलं असेल, तर मत बदललेला माणूस दोन्हींना मुकतो.

हा प्रश्न आपल्या प्रजासत्ताकात पुन्हा आला. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कृत करण्याला बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहऱ्यांचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६२ मध्ये न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. सरन्यायाधीश सिन्हा यांचं मत मात्र वेगळं होतं. पुढे सुधारक बोहऱ्यांच्या तक्रारींची चौकशी नाथवानी आयोगाने केली, त्याचा अहवाल १९७९ चा. असगर अली इंजिनिअर यांनी या लढ्यात आयुष्य घातलं. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध सर्वांनाच लागू होणारा कायदा केला. १९६२ च्या निकालाच्या फेरविचाराचा प्रश्न मात्र २०२३ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे पाठवला गेला.

आणि हे फक्त मुसलमानांचं आहे असं समजून कुणी निवांत बसू नये. 'वाळीत टाकणं' हा शब्द आपलाच आहे. कोकणात, रायगडात गावकीने आणि जातपंचायतींनी काय केलं, हे आपण वर्तमानपत्रांत वाचलं आहे. जी माणसं तुमच्या मयताला खांदा देतात, तीच उद्या खांदा द्यायचं नाकारू शकतात.

म्हणून आम्ही म्हणतो, आधार देणाऱ्या कुठल्याही गटाची दोन दारं तपासावी. आत येण्याचं दार: ज्याचा जन्म तिथला नाही, त्याला येता येतं का? आणि बाहेर जायचं दार: मत बदललं, तर पोटापाण्याला धक्का न लागता निघता येतं का? जमातीची दोन्ही दारं अरुंद. १८१८ च्या पेढीची जरा रुंद, पण ती श्रीमंतांपुरती. अंजुमनची आणि सहकारी बँकेची त्याहून रुंद. आजच्या व्यावसायिक गटांनाही हीच कसोटी लावा. तिथे बाईला बोलावतात का? दुसऱ्या पंथाचा, गरीब घरचा मुलगा तिथे टिकतो का? नेत्याशी मतभेद झाला, तर नोकरीची खबर मिळायची थांबते का?

पण कसोटी लावणाऱ्याने स्वतःच्या दाराकडेही बघावं. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे, की काही बँकांनी मुस्लिम वस्त्यांना कर्जासाठी नकारात्मक भाग ठरवलं होतं. माणूस कोण आहे हे न पाहता पिनकोड पाहायचा. बाहेरची दारं अशी बंद झाली की माणूस जमातीकडे जाणार नाही तर कुठे जाणार? आणि मग आपणच म्हणणार, 'हे लोक आपल्याआपल्यात राहतात.'

आता त्या मुलाचं. वीसेक वर्षांनी तो दादरला भेटला. दुकान चांगलं चाललं होतं. आम्ही ओशाळून विचारलं, मग सही कुणी केली? म्हणाला, "गावच्या जमातीतले दोघं राहिले, सर. मला नीट ओळखतही नव्हते, अब्बांना ओळखत होते." आम्ही म्हटलं, भाग्यवान आहेस. तो थोडा थांबला. "हो. पण सर, मागे जमातीच्या निधीच्या हिशेबाबद्दल मला बैठकीत विचारायचं होतं. नाही विचारलं. ज्यांनी माझ्यासाठी सही केली, त्यांना हिशेब कुठल्या तोंडाने विचारू?"

आम्ही काही बोललो नाही. घरी येताना लोकलमध्ये हिशेब मांडत बसलो. आमची सही असती, तर त्याच्या डोक्यावर दोनऐवजी एकाच जमातवाल्याचं ऋण असतं. त्याने तो प्रश्न विचारला असता की नाही, कोण जाणे. विचारायला थोडा मोकळा तरी झाला असता. धीर धरून आम्ही नंतर त्याला फोन केला आणि माफी मागितली. तो हसला, म्हणाला, "राहू द्या सर, आता माझ्याकडे पोरं येतात सही मागायला." कोणाकोणाला देतोस, आम्ही विचारलं. "येईल त्याला. दुकानात नीट काम केलेलं असलं की झालं. परवा एकाला दिली, सर, तो सातारचा. आडनाव विचारायचं राहूनच गेलं."

एवढंच सांगायचं होतं.