वसईच्या घंटा : परंपरा आणि पुरावा

मेणवलीस कृष्णेच्या घाटावर, नाशकास नारोशंकराच्या देवळांत आणि सह्याद्रीच्या माथ्यावर भीमाशंकरास ज्या मोठ्या घंटा आहेत, त्या मूळच्या ख्रिस्ती देवळांतील होत, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्या चिमाजी अप्पांनीं वसई घेतल्यावर तेथून आणल्या, असें सामान्यतः सांगण्यांत येतें. या कथनांत कांहींहि असंभाव्य नाहीं. परंतु एकच वाक्य सर्व घंटांस सारखेंच लावलें, म्हणजे त्यांतील प्रत्येकीचा स्वतंत्र इतिहास झांकला जातो. आमच्या मतें या घंटा म्हणजे धातूवर उठविलेले लेखच होत. ताम्रपट हातीं आला म्हणजे त्याचा काळ, कर्ता, मूळ स्थान व तो सध्याच्या मालकाकडे कसा आला, हे चार प्रश्न आपण विचारतों. तेच चार प्रश्न घंटेसहि विचारले पाहिजेत. प्रस्तुत लेखांत तसा प्रयत्न करण्याचा आमचा उद्देश आहे.

प्रथम घंटेचें मूळचें काम काय होतें तें पाहूं. १५३४ सालीं गुजराथच्या बहादूरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली. तेव्हांपासून १७३९ पर्यंत, म्हणजे सुमारें दोनशें वर्षें, तो मुलूख त्यांजकडे होता. या काळांत वसईच्या कोटांत, वसईच्या खाडीच्या दोन्ही अंगांस आणि साष्टींत पुष्कळ ख्रिस्ती देवळें झालीं. प्रत्येक देवळाभोंवतीं एक धर्मग्राम असे. म्हणजे एका पाद्र्याच्या देखरेखीखालीं असलेली, ज्यांचीं बारशीं, लग्नें व मूठमाती त्याच देवळांत होत, अशा कुटुंबांची वस्ती. या वस्तीस एकत्र बांधणारा आवाज घंटेचा. पहांटे, दुपारीं व सायंकाळीं ती प्रार्थनेसाठीं वाजे. तीन तीन टोल तीन वेळां आणि मग सलग टोल, असा तिचा ठराविक क्रम आहे. उपासनेची वेळ तिनें कळे, मृत्यूची वार्ता तिनें कळे, आणि सणाचा गजरहि तीच करी. पवित्र सप्ताहांत गुरुवारच्या उपासनेपासून पुनरुत्थानाच्या रात्रीपर्यंत मात्र ती मुकी राही, व तेवढ्या काळांत लांकडी खटखट्यानें लोकांस बोलावीत. शेतांत भात लावणाऱ्यानें व होडीवर जाळें टाकणाऱ्यानें घटकामुहूर्त ओळखावयाचा तो याच आवाजावरून. पेशव्यांच्या मुलखांत घटिकापात्र व तास यांवरून वेळ कळे. येथें तें काम घंटा करी.

घंटेची टांगणीहि या कामास अनुरूप असे. ख्रिस्ती देवळाच्या मनोऱ्यांत ती लांकडी आडव्या तुळईस बांधून दोरीनें सगळीच्या सगळी हालवितात, म्हणून तिचा आवाज दूरवर फांकतो. आपल्या देवळांत घंटा स्थिर असते व दर्शनास येणारा आपल्या हातानें तिचा लोलक हालवितो. पहिलीचा नाद गांवासाठीं असतो, दुसरीचा देवासाठीं. वस्तु तीच राहून तिचा धर्म असा बदलला, हें ध्यानांत ठेवूनच पुढील इतिहास वाचावा.

मराठ्यांची उत्तर कोंकणची मोहीम १७३७ च्या वसंतांत सुरू झाली. त्याच सालीं ठाणें व साष्टी हातीं आलीं. १७३९ च्या आरंभीं माहीम, तारापूर वगैरे ठाणीं पडलीं, आणि मे महिन्यांत वसईच्या कोटानें शरणागति पत्करली. या शरणागतीची तारीख कोठें ५ मे तर कोठें १६ मे आढळते. हा विरोध नव्हे. मुंबईकर इंग्रज १७५२ पर्यंत जुनी गणना वापरीत व पोर्तुगीज नवी वापरीत. दोहोंत त्या शतकांत ११ दिवसांचें अंतर आहे. त्याच न्यायानें पोर्तुगीजांनीं कोट रिकामा केला ती तारीख जुन्या गणनेनें १२ मे व नव्या गणनेनें २३ मे होय. शक मोजावयाचा तर १६६१. पुढें १७४० सालीं चौल-रेवदंडाहि तहानें मराठ्यांस मिळाला.

या क्रमांतून पहिला निष्कर्ष निघतो तो असा. ज्यांस आपण 'वसईच्या घंटा' म्हणतों, त्या वसईच्याच कोटांतील असल्या पाहिजेत असें नाहीं. तीन वर्षांत मराठ्यांच्या हातीं ठाणें, साष्टी, माहीम, तारापूर, वसई आणि रेवदंडा इतकीं ठिकाणें आलीं, व प्रत्येक ठिकाणीं ख्रिस्ती देवळें होतीं. सर्वांत मोठा व शेवटीं मिळालेला विजय वसईचा, म्हणून लोकांच्या स्मरणांत सर्वच वस्तूंस वसईचें नांव चिकटणें स्वाभाविक आहे.

दुसरा प्रश्न असा कीं, घंटा मागें राहिल्या कशा? शरणागतीच्या अटींप्रमाणें कोटांतील लोकांस आपली जंगम मालमत्ता घेऊन जाण्याची मुभा होती. परंतु अटी ठरल्यापासून कोट रिकामा होईपर्यंत अवघे सात दिवस गेले. काठाशीं एक मीटर व्यासाची घंटा स्थूलमानानें ६०० किलो, म्हणजे सोळा मण भरते. आणि व्यास दुप्पट झाला तर वजन आठपट होतें. अशी वस्तु मनोऱ्यांतून उतरवून गलबतावर चढविणें घाईच्या कामांत बसणारें नाहीं. सोनेंरुपें आधीं हालतें; कांसें मागें राहतें.

आतां एकेक घंटा पाहूं.

मेणवलीच्या घंटेवर १७०७ हा सन असून बाळ येशूस घेतलेल्या मरियेची आकृति आहे. तेव्हां ती वसई पडण्यापूर्वीं ३२ वर्षें ओतली गेली होती. परंतु मेणवली ही नाना फडणिसांची. नानांचा जन्म १७४२ चा, आणि मेणवली त्यांस मिळाली ती १७६८ च्या सुमारास. चिमाजी अप्पा तर डिसेंबर १७४० मध्येंच निवर्तले. म्हणजे वसईची शरणागति आणि मेणवलीचा घाट यांमध्यें निदान तीस वर्षांचा काळ आहे, आणि 'अप्पांनीं ती मेणवलीस दिली' हें वाक्य शब्दशः खरें असूं शकत नाहीं. मधल्या काळांत ती कोठें तरी ठेवलेली असली पाहिजे. भानूंचें घराणें १७३९ सालीं पेशव्यांच्या फडावर होतें, म्हणून सरकारी कोठीतून अथवा दुसऱ्या एखाद्या देवस्थानाकडून ती नानांकडे येण्यास मार्ग होता. शोध घ्यावयाचा तो या मधल्या तीस वर्षांचा.

नाशकाच्या घंटेवर १७२१ हा सन आहे. ती ज्या रामेश्वराच्या देवळांत आहे, तें नारोशंकर राजेबहाद्दरांनीं १७४७ त बांधलें. येथें अंतर आठ वर्षांचें आहे. हें मेणवलीच्या मानानें थोडें खरें, तरी येथेंहि देऊळ अप्पांच्या मृत्यूनंतरचें आहे हें उघड आहे. तेव्हां मोहिमेंत मिळालेली घंटा प्रथम सरकारांत जमा होऊन मग सरदारास मिळाली, कीं दुसऱ्या वाटेनें आली, हा प्रश्न उरतोच.

भीमाशंकराचें स्थान या दोहोंहून निराळें. तें क्षेत्र पेशवाईच्या पूर्वींपासूनचें, म्हणून १७३९ सालीं तेथें घंटा अर्पण करण्यास देऊळ उभें होतें. ख्रिस्ती आकृति धारण करणारी ही घंटा स्वतः अप्पांनींच देवास वाहिली, या परंपरेस काळाची बाधा येत नाहीं. तिन्ही घंटांत अप्पांच्या नांवाशीं जोडण्यास सर्वांत योग्य अशी ही होय, असें आम्हांस वाटतें. कोंकणांतून घांट चढवून ती अशा रानांत नेणें हें मोठेंच काम, आणि मोठ्या कामाचा खर्च हिशेबांत पडल्यावांचून राहत नाहीं.

यावर कोणी म्हणतील कीं, जिंकलेल्या देवळाची घंटा आपल्या देवास वाहणें हा विजयाचा डंका, मग तपशिलाची एवढी चिकित्सा कशास? यास उत्तर असें कीं, अशा घटना जगांत अन्यत्रहि घडल्या आहेत, आणि जेथें तपशील राहिला तेथेंच इतिहास राहिला. इ. स. ९९७ त अल् मन्सूर यानें स्पेनमधील सांतियागो लुटून तेथील घंटा कैद्यांच्या खांद्यांवरून कोर्दोव्यास नेल्या व तेथील मशिदींत त्यांचे दिवे केले. १२३६ त तिसऱ्या फेर्दिनांदानें कोर्दोवा घेतल्यावर त्या पुन्हां सांतियागोस पोंचविल्या. बखरकारांनीं नोंद ठेवली म्हणून हें आज कळतें.

दुसरें उदाहरण जवळचें व लढाईवांचूनचें आहे. पोर्तुगालनें १८३४ त धर्मसंघ बरखास्त केल्यावर जुन्या गोव्यांतील ऑगस्टिनी मठ ओस पडला. त्याची प्रचंड घंटा १८४१ त आग्वादच्या दीपगृहाकडे गेली आणि १८७१ त पणजीच्या चर्चवर चढली. त्या मठाच्या मनोऱ्याचा कांहीं भाग पुढें १९३१ त कोसळला. घंटा मात्र अद्याप वाजत आहे. घंटा स्थलांतर करते ती नेहमींच लुटीनें करते असें नाहीं, हें यावरून दिसतें. दान, खरेदी, गहाण व सरकारी वाटप हे सर्व मार्ग घंटेस खुले असतात. यास्तव आपल्या देवळांतील प्रत्येक ख्रिस्ती घंटा 'लुटीची' ठरवून मोकळें होणें शास्त्रशुद्ध नव्हे.

येथें एका गोष्टीचा विशेष निर्देश केला पाहिजे. घंटेच्या कांशांत स्थूलमानानें ७८ भाग तांबें व २२ भाग कथील असतें. तोफेच्या धातूंत कथील १० भागांच्या आसपास. घंटेचा धातु जसाच्या तसा तोफेस ठिसूळ पडतो, पण तांब्याची भर घातली कीं तो चालतो. यूरोपांत वेढ्यानंतर घंटा वितळविण्याची चाल चांगलीच रूढ होती. मराठ्यांसहि त्या काळीं तोफांची निकड होती. असें असतां निदान या घंटा भट्टींत न जातां देवापुढें लागल्या, आणि त्यांवरील मरियेची आकृति व क्रूस कोणीं छिणीनें काढून टाकले नाहींत. अर्पण करणाऱ्यांच्या मनोवृत्तीचा हा एक मूक पुरावा आहे.

आतां घंटा वाचावी कशी, याविषयीं दोन शब्द. अक्षरें उठावाचीं असलीं तर तीं सांच्यांतच होतीं, म्हणून तीं ओतण्याच्या वेळचीं. कोरून खोदलेलीं असलीं तर तीं मागाहून घातलेलीं असूं शकतात. सन उठावाचा आहे कीं खोदलेला, हें सांगितल्यावांचून नुसता सन छापणें अपुरें होय. दुसरें, चिन्हें पाहावीं. येशूच्या नांवाचीं तीन रोमन अक्षरें व त्यांवर क्रूस हें जेझुइटांचें आवडतें चिन्ह. एकमेकांवरून गेलेले दोन हात हें फ्रान्सिस्कनांचें. बाणांनीं विद्ध हृदय हें ऑगस्टिनींचें. वसईच्या कोटांत या तिन्ही संघांचीं आणि डोमिनिकनांचीं देवळें होतीं, शिवाय सेंट जोसेफचें मुख्य देऊळहि होतें. म्हणून चिन्हावरून घंटेचें मूळ देऊळ ठरण्याचा संभव आहे. तिसरें, आंतून लोलकाच्या आघाताच्या जागा पाहाव्या, आणि काठाचा व्यास, उंची व जाडी मोजावी.

हें काम निकडीचें आहे. रोजच्या हातांनीं, चिंचेच्या घांसण्यानें व रंगाच्या पुटांनीं उठावाचीं अक्षरें झिजत आहेत. तडकलेली घंटा नवी ओतावयास गेली कीं तिच्यावरील लेख कायमचा नष्ट होतो. त्याची दुसरी प्रत कोठेंहि नसते. कागदाची नक्कल असते, घंटेची नसते. यासाठीं देवस्थानच्या पंचांच्या संमतीनें प्रत्येक घंटेचे ठसे व छायाचित्रें घेऊन ठेवणें हें पहिलें कर्तव्य होय.

दुसरें कर्तव्य कागदांच्या संग्राहकांचें. 'पेशवे दप्तरांतून निवडलेले कागद' यांत वसईच्या मोहिमेस स्वतंत्र भाग दिलेला आहे. परंतु आम्हांस पाहिजे आहेत ते पराक्रमाचे कागद नव्हेत, तर क्षुल्लक समजून बाजूस टाकलेले हिशेब : हातीं आलेल्या जिनसांच्या याद्या, गलबतांचें भाडें, गाडे, बैल व हमाल यांची मजुरी, लोहाराची कडी-सांखळी, देवस्थानचे जमाखर्च, क्षेत्रोपाध्यायांचीं बाडें. शोधतांना 'घंटा' या शब्दावरच थांबूं नये. गोमंतकी उच्चाराप्रमाणें 'घांट' असाहि शब्द येण्याचा संभव आहे. पणजीच्या पुराभिलेखांत लिस्बनशीं झालेल्या पत्रव्यवहाराचीं बाडें आहेत. पोर्तुगीज वाचणाऱ्यांनीं तीं या दृष्टीनें चाळावीं.

शेवटीं हेंहि सांगितलें पाहिजे कीं, हा शोध केवळ एका पक्षाचा नव्हे. १७३९ नंतर वसई व साष्टींतील ख्रिस्ती वस्ती उठली नाहीं. तेथील धर्मग्राम टिकले, देवळें पुन्हां उभीं राहिलीं, आणि मराठी बोलणारीं तीं कुटुंबें आजहि आपल्या घंटांच्या आवाजावर प्रार्थनेस जातात. मेणवलीच्या घंटेचें मूळ देऊळ ठरलें तर वाईच्या इतिहासांत जशी भर पडेल, तशीच वसईच्या एखाद्या गांवाच्या इतिहासांतहि पडेल. ज्यांच्या संग्रहीं वर सांगितलेल्या प्रकारचा एखादा तुकडा असेल, त्यांनीं तो, कितीहि त्रुटित असला तरी, प्रसिद्धीस द्यावा, अशी विनंति करून हा लेख आम्ही येथें पुरा करितों.